पोल्ट्री घ्यावी की सोडावी?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला ‘धम्म आणि उपजीविका’ हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, त्यावर विद्वानांनी बोलावे. आम्ही गिरणीत पाळ्या करणारी माणसे, पुस्तके वाचली ती पाळी सुटल्यावर. तेव्हा आम्ही एकाच प्रश्नावर बोलणार आहोत. तो प्रश्न तुम्हा सर्वांना माहीत आहे. दोन महिने बचत गटाच्या बैठकीत दुसरे काही निघत नाही.

खाडीपलीकडची अंड्यांची पोल्ट्री विकायला निघाली आहे. मालक थकला, मुले मुंबईला गेली. दोन हजार चौरस फुटांची शेड, पिंजरे, टाकी आणि आतल्या तीन हजार कोंबड्या, सगळे हप्त्याने द्यायला तो तयार आहे. आपल्या पोरांना काम नाही, जमीन तर आपल्याला कधीच कोणी दिली नाही. म्हणून पोरे म्हणतात, घ्या. आणि काही उपासिका म्हणतात, पाणातिपाता म्हणणाऱ्यांनी हा धंदा करायचा नाही. दोघांचेही खरे आहे, हीच पंचाईत आहे.

आधी आत काय आहे ते ऐका. झेरॉक्सचा एक कागद ६२३ चौरस सेंटिमीटर भरतो. नेहमीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला येते ४५०च्या आसपास. २०२३ साली केंद्र सरकारने नियम केले, त्यात ५५० म्हटले आहे. म्हणजे कायदा पाळला तरी कागदाएवढी जागा नाही. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, तारेवरच उभे राहायचे. एकमेकींना टोचून मारू नये म्हणून चोच कापलेली. अठराव्या आठवड्याच्या सुमारास आत जाते, ती दीड वर्षाची होऊन अंडी कमी पडू लागली की बाहेर येते, थेट व्यापाऱ्याच्या गाडीत. आपल्या आयांच्या डालग्याखालची कोंबडी खुडूक बसायची. या जातीतून ते खुडूक बसणेसुद्धा काढून टाकले आहे, कारण खुडूक बसली की अंडे थांबते. यंत्राच्या वेगाने माणूस चालवणे म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण आम्हाला पाळी संपल्याचा भोंगा तरी होता.

आणखी एक गोष्ट शेडमध्ये दिसत नाही. अंड्याच्या जातीचे नर पिल्लू कोणाच्या उपयोगाचे नसते. ते उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी मारतात. म्हणजे आपण नवीन तलंगा विकत आणल्या, तर तेवढ्याच नरांचा जीव त्या पैशात धरलेला असतो.

आता धम्म काय सांगतो? अंगुत्तर निकायात उपासकाने न करायचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. कोणी म्हणेल, अंडे म्हणजे मांस नव्हे. बरोबर. पण अंडी बंद झालेली कोंबडी व्यापाऱ्याला दिली त्या दिवशी पाचांतले दोन व्यापार आपल्या वहीत चढले. दुसरीकडे, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेवर लिहिले आहे ते नीट वाचा. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे मिटून पाळायचा नियम नव्हे. म्हणजे प्रत्येक वेळी विचार करायची जबाबदारी आपल्यावर टाकली. नियम असता तर सोपे होते.

सम्राट अशोकाचे लेख आपल्या कोकणात सोपाऱ्यालाही सापडले. पण आम्ही सांगतो तो उत्तरेतला पाचवा स्तंभलेख. त्यात कोंबड्यांना खच्ची करू नये असे आहे. जीवजंतू असलेले तूस जाळू नये असे आहे. एका जिवावर दुसरा जीव पोसू नये असेही आहे. आज शेडमध्ये खाली तूस टाकतात आणि कोंबडीखाद्यात सुक्या मासळीची भुकटी असते! सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला ज्याची काळजी होती, ते सगळे एका शेडमध्ये भेटते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही शाकाहाराचे कीर्तन करायला उभे नाही. आपल्या ताटावरून आपल्याला हिणवले गेले, आजही घर भाड्याने देताना विचारतात. आपण किनाऱ्यावरची माणसे, सुकट-बोंबलावर वाढलो. अंडे तर गरिबाच्या पोराचे अन्न आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्याचा पैसा काढून घेतला. त्याचा आम्ही निषेधच करतो. प्रश्न खाणाऱ्याचा नाही. पिंजऱ्याची किल्ली आपल्या हातात घ्यायची का, हा आहे.

गेल्या बैठकीत एका वृद्ध उपासिकेने विचारले, रोज सकाळी मेलेली कोंबडी कोण उचलणार? सगळे गप्प झाले. तीन हजारांत रोज एखादी मरतेच. १९२७च्या मार्चमध्ये याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका म्हणून सांगितले. आपल्या आज्यांनी उपाशी राहून ते पाळले. पोरे म्हणाली, तेव्हा ती गावकी होती, आता मालकी आपली असेल. ठीक आहे. पण मग तुम्ही उचलणार ना? की त्यासाठी वाडीवरचा कातकरी भाऊ रोजाने लावणार? तसे असेल तर गावकी गेली नाही, फक्त तिची जागा बदलली.

आता समजा, आपण नाही म्हटले. हात स्वच्छ राहिले. त्या आठवड्यात तीन हजार कोंबड्या व्यापारी उचलणार किंवा दुसरा मालक येऊन पिंजरे पुन्हा भरणार. घाण काम दुसऱ्याने करावे आणि आपण सोवळे राहावे, हा धर्म आपण १९५६ साली सोडला. सगळ्या सोडून द्याव्या म्हणाल तर कुत्री आणि मुंगसे दोन रात्रींत संपवतील.

आमचे मत असे आहे. घ्यावी, पण पोल्ट्री म्हणून चालवायला नव्हे. पिंजरे काढावेत आणि तुसावर गादी पद्धत करावी. गादीवर कोंबडीला दोन चौरस फूट धरतात. म्हणजे या शेडमध्ये हजार बसतील. बाकी दोन हजारांचे काय? घराघरांत पाच-पाच, दहा-दहा द्याव्या. आपल्या वाड्या, शेजारच्या वाड्या, कातकरी वाडी, जिथे खुराडे आहे तिथे. सगळ्या जाणार नाहीत, हे आम्हाला दिसते आहे. उरतील त्यांच्यासाठी मालकाकडून मुदत मागावी लागेल. नवीन तलंगा मात्र एकही भरू नये. असलेल्या कोंबड्या अंडी देतील तोवर विकावी, आणि गावठी म्हणून नव्हे, आहेत तशीच सांगून विकावी. पर्यटकाला फसवणे हे चौथे शील मोडणे आहे.

हिशेब अवघड आहे. एक कोंबडी रोज ११० ग्रॅम खाते, हजारांना ११० किलो लागते. अंडी कमी होतील, खाणे कमी होणार नाही. तोवर शेडमध्ये अळिंबी किंवा दुसरे काही उभे राहिले नाही तर हप्ता थकेल. आणि रोग आला तर? जानेवारी २०२५मध्ये उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा सरकारी पथकाने कोंबड्या मारल्या. तशी वेळ आली तर आपण विहारात बसून चालणार नाही, तिथे उभे राहावे लागेल.

पिंजऱ्यांवरून पोरांशी आमचा वाद अजून मिटलेला नाही. दुसऱ्या पोल्ट्रीवाल्याला विकले तर चांगला भाव येतो, भंगारात घातले तर नावापुरते पैसे. पहिला हप्ता त्यातूनच भागेल असे ते म्हणतात. आम्ही म्हणतो, मग कोंबड्या बाहेर काढल्या कशाला?

मालकाने पौर्णिमेपर्यंत मुदत दिली आहे. त्याआधीच्या रविवारी विहारात मतदान आहे, बाया-माणसे सर्वांचे. हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा शेडमध्ये जाऊन यावे. सकाळी सहाला खाणे घालतात तेव्हा जा. नाकाला रुमाल बांधा, विष्ठेच्या वाफेने डोळे चुरचुरतात. दारात चुन्याची पावडर टाकलेली आहे, तिच्यात पाय घोळवूनच आत शिरा.

जयभीम. नमो बुद्धाय.