मुशींतली विद्या

डॉ. आनंद कुमारस्वामी (१८७७–१९४७) यांचें नांव निघालें कीं नटराजाची मूर्ति डोळ्यांपुढें येते. परंतु हे कलेचे इतिहासकार मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. १९०३ ते १९०६ पर्यंत ते सिंहलद्वीपाच्या खनिज-पाहणीचे प्रमुख होते. थोरियानाइट हें किरणोत्सर्गी खनिज त्यांच्याच हातीं प्रथम लागलें.

खडक शोधीत खेडोपाडीं हिंडतांना त्यांची दृष्टि लोहाराच्या भट्टीकडे वळली. स्वस्त विलायती मालापुढें तेथील पोलाद करण्याची विद्या बुडाली होती. ती जाणणारे थोडे वृद्ध काय ते उरले होते. त्यांजकडून कुमारस्वामींनीं ती पुन्हां करवून पाहिली. मातीच्या लांबट मुशींत लोखंडाचा तुकडा व रणवरा, म्हणजे आपल्या माळरानावरील तरवडच, याच्या लांकडाच्या ढलप्या घालावयाच्या, तोंड लिंपावयाचें आणि मूस कोळशाच्या भट्टींत तापवावयाची. लांकडांतील कर्ब लोखंडांत शिरे व त्याचें पोलाद होई. रसायनाचें पुस्तक कधीं न उघडलेल्या माणसाचें हें रसायन!

दुसरा अधिकारी हें सरकारी अहवालांत नोंदवून मोकळा झाला असता. कुमारस्वामींनीं त्याला हस्तिदंती कोरीवकाम, लाखकाम व विणकाम यांच्या पंक्तीस बसविलें, तें ‘मध्ययुगीन सिंहली कला’ या १९०८ च्या ग्रंथांत. ग्रंथही विल्यम मॉरिसच्या हातयंत्रावर छापलेला. प्रती अवघ्या ४२५. ललितकला वरची आणि कारागिरी खालची, हा भेद पुढें बोस्टनच्या कलासंग्रहालयांत तीस वर्षें काढूनही त्यांनीं कधीं मानला नाहीं.