चांदोरच्या वाड्यात नाताळ

नाताळच्या सुट्टीत गोव्याला निघालेली मंडळी बहुधा समुद्रच गाठतात. यंदा मडगावजवळच्या चांदोरलाही वाट वाकडी करा. तिथला ब्रागांझा वाडा एकाच छपराखाली कुटुंबाच्या दोन शाखांत विभागलेला आहे. एकीकडे झुंबरांनी सजलेलं नृत्यदालन, दुसरीकडे पोर्तुगीज सत्तेवर निर्भीडपणे लिहिणारे पत्रकार लुईस मिनेझिस ब्रागांझा यांचा ग्रंथसंग्रह. मला विचाराल तर झुंबरांपेक्षा पुस्तकांचीच श्रीमंती मोठी! नाताळाला साजेसं म्हणजे गावचं चर्चही बेथलेहेमच्या मातेचं. घरांवर कागदी तारे, अंगणात गव्हाणीचे देखावे, आणि ६ जानेवारीला तीन राजांचा सण. वाड्यात आजही कुटुंबं राहतात. तेव्हा आधी विचारून जा आणि देखभालीसाठी चार पैसे जरूर द्या.