कालिकेच्या यात्रेला लेकरांना नेताना

नवरात्र बसलं की नाशिकमधल्या सातपूरच्या कामगार वस्त्यांतून कितीतरी कुटुंबं कालिकामातेच्या यात्रेला निघतात, आणि बहुतेक सगळी पाळी सुटल्यावर, दिवेलागणीलाच. लहानग्यांना यात्रेला जरूर न्यावं, पण ऊन उतरायच्या आत परतावं, असं माझं ठाम मत आहे. दिवेलागणीच्या गर्दीत चौरस मीटरमागे पाच-सहा माणसं झाली की पाऊल आपल्या ताब्यात राहत नाही. मोठ्यांच्या कमरेएवढ्या पोराला तर वाराही लागत नाही. २००३च्या सिंहस्थात याच नाशकात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत भाविकांचे जीव गेले. तिथेही श्रद्धा कमी नव्हती, जागा कमी होती.

रोषणाईशिवाय यात्रा कसली, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पाळण्याची मजा रात्रीचीच. पण तीन वर्षांच्या मुलाला दिव्यांइतकीच पिपाणीही पुरते, आणि ती दुपारीही मिळते. संध्याकाळीच जायचं तर सुटीचा वार आणि अष्टमी टाळावी. हात घट्ट धरला की झालं, हेही पुरेसं नाही. घामेजलेली बोटं निसटतात, म्हणून मनगट धरावं. बाबागाडी घरीच ठेवावी. फ्रॉकच्या आतल्या बाजूला मोबाइल नंबराची चिठ्ठी पिनेनं टाचावी. नाव मात्र बाहेर दिसू देऊ नये, कारण नावानं हाक मारणाऱ्यावर मूल चटकन विश्वास ठेवतं. चुकामूक झालीच तर जवळच्या पोलिसाला गाठावं, नाहीतर ११२ वर फोन करावा.