रेल्सचा सातबारा

अध्यक्षाला शाल, श्रीफळ आणि चाळीस मिनिटं मिळतात. त्या बदल्यात त्याने सगळ्यांचं कौतुक करायचं, दोन आठवणी सांगायच्या आणि जेवणाला उशीर होऊ द्यायचा नाही, असा अलिखित करार असतो. शाल अंगावर आहे, नारळ टेबलावर आहे. करार मात्र प्रस्तुत अध्यक्षाच्या हातून आज पाळला जाणार नाही.

याला कारण कार्यक्रमपत्रिका. तिच्यावर ठळक अक्षरांत छापलंय : 'रुबी ऑन रेल्स : अस्त की नवी पहाट?' मराठी माणसाला हा विषय अनोळखी नाही. साहित्याच्या मांडवात 'मराठी जगेल का' हा परिसंवाद वर्षानुवर्षं रंगतो. चार वक्ते मरण जाहीर करतात, पाचवा ज्ञानेश्वरांचा हवाला देऊन टाळ्या घेतो आणि सगळे मठ्ठा प्यायला जातात. प्रोग्रॅमर मंडळींनी साहित्यिकांकडून दुसरं काही घेतलं नसेल, पण हा परिसंवाद जसाच्या तसा उचललाय.

सकाळपासून या सभागृहात दोन गट आहेत. एक रेल्सची तिरडी बांधतोय, दुसरा त्याच बांबूंचा लग्नमांडव घालतोय. दोघांचं भांडण चुकीच्या प्रश्नावरून चाललंय. रेल्सचं वय किती, हा प्रश्नच नव्हे. रेल्सचा सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि ती जमीन प्रत्यक्षात कसतं कोण, हा प्रश्न आहे.

वयाचं मात्र आधी उरकलेलं बरं. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन उर्फ डीएचएच हा डॅनिश तरुण कोपनहेगनमध्ये शिकत होता आणि शिकागोच्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या छोट्या कंपनीसाठी बेसकॅम्प नावाचं साधन लिहीत होता. त्या कामातून जे पुन्हा पुन्हा लागतं ते त्याने वेगळं काढलं आणि रुबी भाषेतलं रेल्स हे फ्रेमवर्क म्हणून जुलै २००४ मध्ये जगाला देऊन टाकलं. २००५ साली ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात त्याने पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवला आणि जावाच्या एक्सएमएल फायलींमध्ये मान अडकलेल्या जगाला पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. त्यामागची युक्ती कोणत्याही नेटक्या स्वयंपाकघरात दिसते. पोह्यांचा डबा कुठे, हे विचारावं लागत नाही, कारण या घरात तो दुसऱ्या फळीवरच असतो. टेबलाचं नाव पोस्ट्स, तर क्लासचं नाव पोस्ट. बाकी काही सांगायची गरज नाही. ही शिस्त नंतर सगळ्यांनी उचलली. पीएचपीतलं २०११ चं लॅराव्हेल तर तिचं ऋण उघडपणे मिरवतं.

मरणाची पहिली वर्दी ट्विटरने दिली. २००८ च्या सुमारास साइट कोसळली की पडद्यावर पक्ष्यांनी उचललेला देवमासा यायचा, आणि ट्विटर स्काला-जावाकडे निघाल्यावर रेल्सला मोठा भार पेलत नाही, ही अफवा कायमची चिकटली. त्याच काळात ओटावामधला टोबियास लुटके नावाचा माणूस, ज्याने स्नोबोर्ड विकायला रेल्समध्ये दुकान लिहिलं होतं, त्या दुकानातून निघालेलं शॉपिफाय वाढवत होता. गिटहब रेल्सवर उभं आहे. म्हणजे जे लोक रेल्सच्या मृत्यूच्या बातम्या शेअर करतात, त्यांतल्या बहुतेकांचा कोड रात्री रेल्सच्या ओसरीवर झोपतो. रुबी हळू म्हणून नाकं मुरडणाऱ्यांसाठी शॉपिफायच्याच पगारी लोकांनी वायजिट हा कंपायलर लिहून मूळ भाषेत आणला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रेल्स ८ मध्ये रांगेतली कामं, कॅश आणि थेट संदेश या तिन्हींसाठी आता साधा डेटाबेस पुरतो. रेडिसचा वेगळा संसार मांडावा लागत नाही. म्हातारपणाची ही लक्षणं असतील, तर ती कुणालाही हवीशी वाटावीत.

दुसऱ्या गटाने टाळ्यांची घाई करू नये.

पडद्यावर दिसणाऱ्या भागाचं काय केलं? २०११ मध्ये आवृत्ती ३.१ आली, तेव्हा कॉफीस्क्रिप्ट आणि ॲसेट पाइपलाइन हेच अंतिम सत्य होतं. २०१९ च्या सहाव्या आवृत्तीत वेबपॅकर हा नवा जावई घरजावई झाला. डिसेंबर २०२१ च्या सातव्या आवृत्तीत त्याची पाठवणी झाली आणि हॉटवायर आलं. दहा वर्षांत तीन संसार मांडले, त्यांतले दोन मोडले, आणि प्रत्येक वेळी व्यासपीठावरून सांगितलं गेलं की हाच खरा. ज्या टीमने कॉफीस्क्रिप्टमध्ये हजारो ओळी लिहिल्या, तिचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही. डबा दुसऱ्या फळीवरच असतो हा या घराचा मोठेपणा होता. फळीच दर काही वर्षांनी बदलली, तर तो मोठेपणा राहतो कुठे?

त्याची किंमत प्रस्तुत अध्यक्ष स्वतः मोजतो. त्याच्याकडे एका जुन्या गिऱ्हाइकाचं ४.२ वर अडकलेलं ॲप्लिकेशन आहे. त्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं कधीचंच थांबलंय. अपग्रेडचा विषय निघाला की गिऱ्हाईक म्हणतं, ''चालतंय ना? मग कशाला हात लावता?'' आणि अध्यक्ष, जो इथे एवढ्या तावातावाने बोलतोय, तिथे गप्प बसतो. बिल निघत असतं. गिटहबसुद्धा एकेकाळी याच चिखलात रुतलं होतं. ते ३.२ वरून ५.२ वर आलं ऑगस्ट २०१८ मध्ये, दीड वर्षाच्या चिकाटीनंतर. पण त्यांनी तिथून पुढची वाट धरली : आज ते रेल्सच्या अजून प्रसिद्धही न झालेल्या ताज्या कोडवर चालतात आणि सापडलेला बिघाड मूळ प्रकल्पातच दुरुस्त करतात. पैसा होता म्हणून जमलं, असं कुणी मागच्या रांगेतून पुटपुटेल. बरोबर आहे. सातबाऱ्याची गोष्ट तिथेच सुरू होते.

रेल्सचा कोड एमआयटी परवान्याखाली आहे. कुणीही उचलावा, बदलावा, विकावा. म्हणून मालकीचा प्रश्नच येत नाही, असं पुष्कळांना वाटतं. कुळकायदा ज्यांच्या घरात गाजला, त्या मराठी माणसांनी तरी एवढं भोळं असू नये. पीक कुणीही नेऊ शकतं, पण विहिरीची मोट कुणाच्या हातात आहे आणि बांध कोण घालतं, त्यावर गावचं राजकारण चालतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्स फाउंडेशन निघालं. आठ संस्थापक कंपन्या आणि सुरुवातीचा दहा लाख डॉलरचा निधी. त्यात शॉपिफाय आणि गिटहब आहेत, थर्टीसेव्हन सिग्नल्स आहे, आणि अध्यक्षस्थानी डीएचएच स्वतः. त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये याच डीएचएचच्या कंपनीने कामाच्या ठिकाणी राजकीय चर्चा नको असा फतवा काढला होता आणि जवळपास एक तृतीयांश माणसं राजीनामा देऊन बाहेर पडली होती. २००६ पासून चालत आलेल्या रेल्सकॉन्फ या संमेलनात पुढे बीजभाषण कुणाचं, यावरून बिनसलं. फाउंडेशनने २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅमला रेल्स वर्ल्ड हा स्वतःचा मेळा भरवला आणि जुलै २०२५ मध्ये फिलाडेल्फियाला रेल्सकॉन्फचा शेवटचा नारळ फुटला. एक संमेलन बंद, दुसरं सुरू. मराठीत याला प्रतिसंमेलन म्हणतात आणि त्याबद्दल कुणी फारसं दचकत नाही.

दचकायला हवं होतं ते सप्टेंबर २०२५ मध्ये. जेम म्हणजे तयार कोडचे गठ्ठे; ते आणून देणाऱ्या ज्या दोन अवजारांवर रुबीचं प्रत्येक काम चालतं, ती रुबीजेम्स आणि बंडलर. रुबी सेंट्रल ही ना-नफा संस्था त्यांचा सर्व्हर चालवते. या संस्थेने गिटहबवरचा त्या प्रकल्पांचा ताबा आपल्याकडे घेतला आणि वर्षानुवर्षं ते सांभाळणाऱ्या मेंटेनर मंडळींना बाहेर काढलं. कारण सांगितलं सुरक्षेचं. ते खोटं होतं, असं प्रस्तुत अध्यक्ष म्हणणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये रुबीजेम्सच्या सर्व्हरमध्ये खरोखरच शिरकाव झाला होता आणि एकेक जेम तपासायला माणसं दिवसरात्र बसली होती. सर्व्हर ज्याच्या नावावर, कोर्टाची नोटीस त्यालाच, हेही खरं. पण दहा-दहा वर्षं कसणाऱ्या कुळाला एका सकाळी कुलूप बदललेलं दिसावं आणि मालकाने कागद पुढे करावा, हे दृश्य महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. त्यासाठी इथे कायदा करावा लागला आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला मालक मानावं लागलं. सॉफ्टवेअरमध्ये असा दिवस ठरलेला नाही. ऑक्टोबरात रुबीचे जनक युकिहिरो मात्सुमोतो यांनी दोन्ही प्रकल्पांची देखरेख रुबीच्या कोअर टीमकडे घेतली आणि आग थोडी शमली. काढलेल्या कुळांपैकी काहींनी जेम कूप नावाची आपली वेगळी विहीर खणली. तिचं पाणी किती लागतं, ते दिसेल.

आणि या घरातून वारस का गेले, याचीही चर्चा कुणी करत नाही. येहुदा कॅट्झ याने मर्ब हे प्रतिस्पर्धी फ्रेमवर्क रेल्समध्ये विलीन केलं, २०१० ची तिसरी आवृत्ती घडवली आणि मग एम्बर हे वेगळं फ्रेमवर्क उभं करायला निघून गेला. जोसे वालिम याने रेल्सच्या कोअर टीममध्ये काम केलं, जगभरातल्या लॉगिनच्या पानांमागे असलेलं डिव्हाइज हे जेम लिहिलं आणि मग एलिक्सिर ही स्वतंत्र भाषाच काढली. थोरल्या घरात धाकट्यांना खोली मिळाली नाही की ते गावाबाहेर वाडा बांधतात. वाडा उत्तम निघाला, हे त्यातलं दुःख.

बाहेरच्यांचं ऐकण्यात तर हा समाज नेहमीच कमी पडला. मार्च २०१२ मध्ये एका तरुण रशियन प्रोग्रॅमरने सांगितलं की फॉर्ममधून आलेली कोणतीही माहिती थेट मॉडेलमध्ये शिरू देण्याची रेल्सची मूळ सवय घातक आहे. उत्तर मिळालं : काळजी प्रोग्रॅमरने घ्यायची, फ्रेमवर्कने नव्हे. त्याने तीच फट वापरून गिटहबवर, खुद्द रेल्सच्या भांडारात, स्वतःची कमिट घालून दाखवली. चौथ्या आवृत्तीत ही फट बुजवणारे स्ट्राँग पॅरामीटर्स आले ते त्यानंतर. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुबी संमेलनात अशा स्लाइड दाखवल्या गेल्या की सभागृहातल्या बायकांना तोंड फिरवावं लागलं. त्यातून काही जणींनी रेल्सब्रिजचे मोफत वर्ग सुरू केले. पुढच्या वर्षी हेलसिंकीत रेल्स गर्ल्स निघालं. या समाजाची वाढ व्यासपीठावरून झालेली नाही, दारात अडवलेल्यांनी केलीय. ग्रंथकार सभेचं आमंत्रण नाकारताना १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना जे पत्र पाठवलं, ते प्रत्येक संमेलनाच्या आयोजकाने वर्षातून एकदा वाचावं, मग विषय साहित्य असो की सॉफ्टवेअर.

पुण्याकडे वळल्यावर भाषा आणखी कडू होईल, त्याला इलाज नाही. २०१२ आणि २०१३ ची रुबीकॉन्फ इंडिया याच शहरात झाली, २०१४ ची गोव्यात. डेक्कन रुबीकॉन्फही पुण्याचीच. ज्यांनी ती घडवली त्यांच्या खटपटीला नमस्कार. पण बाणेर-हिंजवडीतल्या असंख्य छोट्या कंपन्यांनी या फ्रेमवर्कवर घरं बांधली, गाड्या घेतल्या, मुलांना परदेशी शिकवलं, आणि परतफेड म्हणून काय दिलं? टी-शर्टवर लोगो. गिऱ्हाइकाला डॉलरमध्ये तास लावताना ज्याच्या जेमवर तो तास उभा आहे, त्या माणसाला एक पुल रिक्वेस्टसुद्धा कुणी पाठवत नाही. वर हीच मंडळी रडतात की रेल्सला फ्रेशर मिळत नाहीत. मिळतील कसे? जाहिरातीत 'किमान तीन वर्षांचा अनुभव' लिहायचा आणि कॅम्पसमधून आलेल्या पोरांना मात्र रिॲक्टवर बसवायचं. बी पेरायचं नाही आणि पावसाला शिव्या द्यायच्या.

सकाळच्या सत्रात कुणीतरी म्हणालं की आता कोड एआयच लिहितो, तेव्हा नवी माणसं लागतीलच कशाला. एआयला रेल्स बऱ्यापैकी जमतं, ते याच समाजाने वीस वर्षं उघड्यावर कोड लिहिला, चुका कबूल केल्या आणि उत्तरं दिली म्हणून. मात्र पहाटे तीन वाजता सुरक्षेची भगदाडं बुजवायला आजही कुणीतरी माणूस उठतो.

काल रात्री भाषण लिहायचं सोडून प्रस्तुत अध्यक्षाने त्या जुन्या ४.२ वाल्या ॲप्लिकेशनमधून वेळ काढला आणि आपल्या नव्या प्रकल्पात 'बंडल फंड' ही कमांड चालवली. वापरात असलेल्या कोणत्या जेमना आर्थिक मदत हवी आहे, त्याची यादी ती दाखवते. यादी पडद्यावर सरकत गेली. त्यातल्या एकाही माणसाशी अध्यक्षाने वीस वर्षांच्या धंद्यात कधी एक ओळही बोलणं केलेलं नव्हतं. आयोजकांनी मानधनाचा आकडा अजून सांगितलेला नाही. जो असेल तो यादीतल्या तिसऱ्या नावाला पाठवावा. पहिल्या दोघांच्या मागे कंपन्या आहेत. आणि ती ४.२ वाली फाइल सोमवारी उघडली जाईल, गिऱ्हाईक काहीही म्हणो. पत्रिकेप्रमाणे पुढचा परिसंवाद 'रेल्स मेलं का?' हा असून तो जेवणानंतर आहे, म्हणजे वक्त्यांना झोपलेल्या सभेसमोर बोलावं लागेल. मठ्ठा तयार असल्याची खूण मागून कुणीतरी केव्हाची करतंय.