कुंडीतला घेवडा

शहरातील बिऱ्हाडांत बागेची हौस असते, पण जागा नसते. गॅलरीत चार कुंड्या मांडल्या की नवखा हौशी माणूस प्रथम गुलाबाकडे वळतो आणि थोड्याच दिवसांत निराश होतो. अशा माणसाने आरंभ करावा तो घेवड्याने. बाजारात ज्याला श्रावणघेवडा किंवा फरसबी म्हणतात, त्याने. पेरल्यापासून सुमारे ५० दिवसांत शेंगा हाती येतात, आणि काही चुकत असेल तर रोप ते लवकर बोलून दाखविते. मात्र कुंडीतला घेवडा हेळसांडीपेक्षा मायेनेच अधिक मरतो. सकाळी गृहिणीने पाणी घातलेले असते, दुपारी मुले घालतात आणि सायंकाळी कचेरीतून परतलेले यजमान पुन्हा एक तांब्या ओततात.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळी सदा पाण्याने भरलेली राहिली, तर मुळे गुदमरून कुजतात आणि पाने पिवळी पडतात. ती पिवळी पाने पाहून घरातले कोणीतरी आणखी पाणी घालते! वास्तविक कसोटी सोपी आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. आत ओल लागली तर त्या दिवशी झारी उचलू नये. पुण्याकडील काळी माती पाणी फार धरते, म्हणून नुसती ती कुंडीत भरू नये. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू हे मिश्रण चालते. कुंडी निदान ८ ते १० इंच खोल हवी. तेलाचा रिकामा डबाही चालेल, पण त्याच्या तळाला भोके पाडून वर खापरीचे तुकडे ठेवावेत.

बी रात्रभर भिजत घालण्याची रीत वालाच्या बिरड्यांसाठी उत्तम. पेरणीसाठी ती नको. घेवड्याचे कोरडे बी एकदम पाणी प्याले की त्याच्या डाळिंब्या तडकतात आणि कोंब दुबळा निघतो. ओलसर मातीत इंचभर खोल बी टोचावे आणि ते उगवेपर्यंत हात आखडता घ्यावा. जात बुटकी निवडावी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का कोमल’ ही तशी आहे. तिला मांडव लागत नाही. मुंबईत पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत पेरणे बरे. कडक उन्हाळ्यात फुले गळतात. रोज ५-६ तास ऊन हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडील गॅलरीचा या कामी उपयोग नाही.

खताविषयी एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. द्विदल पिके मुळांवरील गाठींतील जंतूंच्या साह्याने हवेतील नत्र मिळवितात, हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली दाखविले. यावरून घेवड्याला खतच नको असे पुष्कळांना वाटते. वाल आणि चवळी या विद्येत तरबेज आहेत. घेवडा मूळचा अमेरिका खंडातला, आणि त्याला साजेसे जंतू आपल्या मातीत पुरेसे असतातच असे नाही. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मूठभर शेणखत द्यावे. त्याहून अधिक दिल्यास पाने माजतात आणि शेंगा मात्र मोजक्या येतात.

फुले स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून उंचावरच्या मजल्यावर मधमाशी फिरकली नाही तरी बिघडत नाही. मावा दिसल्यास पानांची खालची बाजू सकाळी पाण्याने धुवावी. पाने ओली असताना झाडाशी खेळू नये. तांबेरा अशानेच पसरतो. शेंगा दर दोन-तीन दिवसांनी, दाणा फुगण्यापूर्वी खुडाव्यात. त्या झाडावर जून झाल्या की नवी फुले थांबतात.

सर्वांत निकोप झाडावरच्या चार-पाच शेंगा मात्र वाळू द्याव्यात. पुढील हंगामाचे बी त्यांतच मिळते आणि त्याचे गुण सहसा बदलत नाहीत. उरलेल्या वाळक्या दाण्यांची उसळ करावयाची असल्यास ते रात्रभर भिजवून ते पाणी टाकावे आणि नव्या पाण्यात निदान १० मिनिटे खळखळून उकळल्यावर पूर्ण शिजवावेत. अर्धेकच्चे दाणे पोटात गेले तर उलट्या होतात.