बांबवड्याचा नकाशा कोण काढणार?

(शाहूवाडी येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय 'नगर नियोजनाचे शिक्षण आणि नोकऱ्या' असा दिला आहे. त्यामुळे पुढच्या रांगांत बारावीची मुलं आणि मागे त्यांचे आई-वडील दिसताहेत. आई-वडिलांचा प्रश्न मला ठाऊक आहे : नोकरी लागते का? लागते. कुठे, तेही सांगतो. पण आधी ही विद्या कशाची, ते पाहू.

जयसिंगपूरला तुम्ही गेला असाल. शाहू महाराजांनी १९१७च्या सुमारास वडिलांच्या नावाने वसवलेलं हे गाव. रस्ते काटकोनात छेदणारे, गल्ल्यांना नंबर. तिथे घरांच्या आधी रस्ते आखले गेले. आता बांबवड्याला या. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरची चालती बाजारपेठ. दुकानं आधी आली, गटारं मागून आली, पार्किंग अजून यायचं आहे. (हशा) मलकापूर छोटं असलं तरी नगरपरिषद आहे, म्हणून १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना कायद्याने तिला विकास योजना करावीच लागते. ग्रामपंचायतीचं तसं नाही. ती दरवर्षी विकास आराखडा करते, पण तो खर्चाचा. कुठल्या गटातून रस्ता जाणार, ओढ्याकाठी किती जागा मोकळी ठेवायची, हे त्यात नसतं. वर जिल्ह्याची प्रादेशिक योजना असते. ती एवढ्या उंचावरून पाहते की बाजारपेठ तिला ठिपक्याएवढी दिसते. मग गुंठा-गुंठा विकला जातो, आणि झालेली गुंठेवारी नियमित करायला २००१ साली स्वतंत्र कायदा करावा लागतो.

ही गाठ पडण्याआधी सोडवायची, तेच हे शिक्षण. बारावीनंतर चार वर्षांची 'बी. प्लॅन.' पदवी, जेईई मेनमध्ये तिच्यासाठी वेगळा पेपर असतो, आणि गणित लागतं. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या संस्था नावाजलेल्या आहेत. पहिल्या वर्षी मुलांच्या हाती गावाचा कोरा नकाशा आणि रंगीत पेन्सिली देऊन गल्लीत सोडतात. राहतं घर पिवळं, दुकान निळं, कारखाना जांभळा, शाळा-दवाखाना लाल. खाली किराणा आणि वर बिऱ्हाड असेल तर कुठला रंग? इथूनच खरा अभ्यास सुरू होतो. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ १९१४ साली भारतात आले आणि १९१९ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुन्या पेठा सरसकट पाडू नका, आधी त्या पायी फिरून समजून घ्या, असं ते कळवळून सांगत. आज ड्रोन आहे, जीआयएस आहे. पायी फिरणं काही सुटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र वर्गात पुरती शिकवता येत नाही. प्रारूप योजना जाहीर झाली की हरकती मागवतात, मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा आणि घडीवर फाटलेला फाळणी नकाशा काढून एक शेतकरी समोर बसतो. म्हणतो, "साहेब, सगळी मिळून बारा गुंठे, त्यावरच तुमचं खेळाचं मैदान." मैदान गावाला हवंच आहे. पण जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर कलम १२७ची नोटीस देण्याचा हक्क त्याला आहे, आणि तोवरची दहा वर्षं तो ना बांधू शकत, ना धड विकू शकत. हा कागद बघताच ज्याला कळतो, बांध आणि पाणंद म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागत नाही, असा नियोजनकार मला हवा. म्हणून मी इथे आलो. शहरात वाढलेली हुशार मुलं पुष्कळ आहेत. सातबारा वाचता येणारी फार थोडी.

नदीचंही तेच. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. या रेषा नकाशावर होत्या की नव्हत्या, यावर कोल्हापुरात २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरांनंतर किती वाद झाले ते तुम्ही वाचलं आहे. तुमच्या तालुक्यात प्रश्न आणखी अवघड. एकीकडे चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आणि पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची टांगती अधिसूचना, दुसरीकडे आंब्याचे रिसॉर्ट आणि रुंद होणारा महामार्ग. धनगरवाड्याला रस्ता द्यायचा की नाही, याचं उत्तर दिल्लीच्या नकाशावर सापडणार नाही.

आता नोकऱ्या. शासनाच्या नगर रचना विभागात रचना सहायक, सहायक नगर रचनाकार, नगर रचनाकार अशी चढती पदं आहेत. वरची एमपीएससीतून भरतात. सिडको, एमआयडीसी, एमएमआरडीए, पीएमआरडीए इथे नियोजनकार लागतातच. हद्दवाढीऐवजी ४२ गावांसाठी २०१७ साली आलेलं कोल्हापूरचं प्राधिकरण तर तुमच्या दारातलं. खाजगी सल्लागार कंपन्या, वाहतूक नियोजन, जीआयएस ही कामंही वाढती आहेत. पगाराचा आकडा मी सांगणार नाही; सरकारी जाहिरातीत तो छापलेला असतो.

आणि ज्यांची जेईई हुकली किंवा जे कला शाखेत आहेत, त्यांनी उठून जाऊ नका. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांतल्या पदव्युत्तर पदवीनंतरही अनेक संस्थांत दोन वर्षांचं 'एम. प्लॅन.' करता येतं. शिवाजी विद्यापीठाचा भूगोल विभाग काही लांब नाही. प्रवेशाची माहिती हवी असेल त्यांनी इथे पुढे या. बाकीच्यांसाठी बाहेर चहा आहे.