छपराखालची ग्लानी

(विदर्भातील शिक्षक व पालकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यास शाळा उघडतात. विदर्भात त्या उशिरा सुरू होतात. २०२४ साली हे अंतर पंधरवड्याचे होते, २०२५ साली आठवड्याचे. कारण आपणांस ठाऊकच आहे. ज्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, तेथील धरित्री जूनमध्ये लगेच निवत नाही. मृगाची एखादी सर पडून आभाळ मोकळे झाले, की हवेत दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही आणि हा उकाडा वैशाखातल्या कोरड्या उन्हाहून अधिक थकवितो. अशा दिवसांत मुले कोरी पुस्तके घेऊन वर्गात येतात आणि दुसऱ्याच तासाला त्यांच्या माना कलू लागतात.

या ग्लानीला आपण आळस म्हणतो आणि सुटीला दोष देतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की ही ग्लानी मुलांच्या स्वभावातून येत नाही; ती डोक्यावरच्या पत्र्यातून खाली उतरते. दहा वाजता पत्रा तापतो, दुपारी तो वर्गावर आग ओततो. वीज गेली की पंखा थांबतो. स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसेल तर मुली दिवसभर पाणी पिण्याचेच टाळतात. त्याच तालुक्याच्या गावी सधनांची मुले वातानुकूलित वर्गात बसलेली असतात. ऊन सर्वांना सारखे असते; सावली मात्र ऐपतीप्रमाणे वाटली जाते. कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळापद्धतीचा पुरस्कार केला, तो ही विषमता ओळखूनच.

यावर सुटी वाढवावी, असा सोपा उपाय सुचविला जातो. मुलांना भर उन्हात चालवावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु भूमिहीन मजुराच्या घरात सुटीचा अर्थ काय, हेही पाहिले पाहिजे. शाळा बंद म्हणजे बहुधा दुपारचे शिजविलेले अन्नही बंद. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली जो घास मुलांच्या हक्काचा ठरविला, तो उन्हाचे निमित्त करून दूर लोटता येणार नाही. शिवाय त्या मुलाचे घरही पत्र्याचेच असते.

म्हणून प्रश्न तारखेचा कमी आणि इमारतीचा अधिक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत आणि सुरक्षित पिण्याचे पाणी यांची अट आहे. या सर्व ऋतूंत उन्हाळा येत नाही काय? पत्र्यावर चुन्याचा थर, आत छत, भिंतीशी झाडे, भरलेले माठ, ही काही चैन नव्हे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा शिक्षणावर खर्च करण्याचे कोठारी आयोगाने सांगितलेले उद्दिष्ट अद्याप गाठलेले नाही. तोवर पैसा नाही ही सबब आपण मान्य करता कामा नये.

मित्रहो, याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गात तापमापक लावा, दुपारी दोनचा आकडा रोज वहीत लिहा आणि ती वही समितीपुढे, ग्रामसभेपुढे आणि जिल्हा परिषदेपुढे ठेवा. ठराव मागाहून विसरला जाईल, पण मुलांच्या हस्ताक्षरातले ते आकडे नाकारणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाईल.